छातीचा चौथा भाग अधिक अर्धा

शाब्दिक उदाहरणं सुरू झाली की माझ्या आठवीच्या वर्गाला एकदम तहान लागते. कुणाला पाणी प्यायचं असतं, कुणाच्या पेन्सिलीचं टोक मोडतं, कुणाच्या पोटात नेमकं तेव्हाच दुखतं. 'एका संख्येच्या तिपटीतून पाच वजा केल्यास' एवढंच मी फळ्यावर लिहिते, आणि चाळीस तोंडं अशी उतरतात की जशी काही मी त्यांच्या घरावर जप्ती आणली आहे. अरे, संख्या म्हणजे क्ष. तिप्पट म्हणजे तीन क्ष. त्यातून पाच गेले. संपलं! पण नाही. दरवर्षी एक महाभाग हात वर करून विचारतो, "बाई, त्यांना ती संख्या माहीत आहे तर सरळ सांगत का नाहीत?" महाभाग दरवर्षी बदलतो, प्रश्न तोच असतो.

एकतीस वर्षं मी हा उद्योग करते आहे. लोक शब्दांत बोलतात, मी त्याचं सूत्र करते. आता सवयच जडली आहे. नवरा म्हणाला, "तू जितकं जास्त बोलतेस तितकं मला कमी ऐकू येतं," की मी रागावायच्या आधी डोक्यात व्यस्त प्रमाण मांडून मोकळी होते. रागावते मग सावकाश. माझी जीभ तिखट आहे असं घरात सगळ्यांचं एकमत आहे, फक्त तोंडावर कुणी म्हणत नाही.

माझी थोरली जाऊ म्हणजे याच्या बरोबर उलटा मासला. जाऊबाई गणवेशांच्या कारखान्यात कापड कापतात. बावीस वर्षं एकाच टेबलाशी उभ्या आहेत. ते टेबल एवढं लांब की एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला ऐकू जात नाही, आणि जाऊबाई बोलतातही तशाच, आपल्याच टोकाला ऐकू जाईल इतपत. घरात त्यांना कुणी फारसं विचारत नाही. थोरले दीर तर चहा हवा असला की नुसता कप आपटतात. पण कारखान्यात त्या आत शिरल्या की शिलाईच्या साठ बायका म्हणतात, "मास्तर आल्या." मी एकदा हे कानांनी ऐकलं आहे. तेव्हा जाऊबाईंची मान दोन इंच वर गेली होती, आणि मी मापात सहसा चुकत नाही.

तर एका रविवारी दुपारी जाऊबाई आल्या आणि आमच्या स्वयंपाकघरात चहा न घेताच बसल्या. म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"मालकांनी कापायचं मशीन आणलंय," त्या म्हणाल्या. "माझ्या टेबलाएवढंच आहे. त्याला म्हणे मापं द्यायची आणि सूत्रं द्यायची. मग ते आपलं आपण कापतं."

"मग कापू दे की. तुमच्या हाताला आराम."

"अगं, सूत्रं कुठून आणणार? ती माझ्याकडे आहेत ना." त्यांनी कपाळावर बोट टेकवलं. "मालक म्हणाले, मास्तर, सूत्रं लिहून द्या. ती चालली तर मशीनवर तुम्हालाच बसवतो. नाही चालली तर मशीनच्या कंपनीचाच माणूस येईल, आणि तुमचं टेबल काढावं लागेल."

"आणि तुम्ही?"

"बटणांच्या खोलीत."

बटणांची खोली मी पाहिली होती. गोदामाच्या मागे, बिनखिडकीची. ज्यांचे डोळे गेले, गुडघे गेले, किंवा जे मालकांच्या मनातून उतरले, त्यांना तिथे नेऊन बसवतात. काढून कुणालाच टाकत नाहीत, मालक फार दयाळू आहेत. आठ-दहा महिन्यांत माणूस आपणहून यायचं बंद होतं.

"तू लिहून देशील?" जाऊबाई म्हणाल्या. "मी सातवीत शाळा सोडली. बीजगणिताचं नाव काढलं तरी माझे हात गार पडतात."

माझी काय, कळीच खुलली! एकतीस वर्षं मी ज्यांना नको आहे त्यांना शिकवते आहे, आणि इथे गिऱ्हाईक पायाने चालत घरी आलं होतं. मी कोरी वही काढली आणि म्हटलं, "वहिनी, तुम्ही नुसतं बोला."

तीन रविवार गेले त्यात. जाऊबाई बोलायच्या, मी लिहायची. पहिले काही नियम असे सरळ आले की मला वाटलं, यांनी पुस्तकच का नाही लिहिलं? पुढचा भाग म्हणजे छातीचा चौथा भाग अधिक अर्धा इंच. मी लिहिलं: क्ष भागिले चार, अधिक अर्धा. मुंढा, म्हणजे बाही जिथे बसते ती खोली, छातीचा आठवा भाग अधिक तीन. गळ्याची रुंदी छातीचा बारावा भाग. शिवणीची माया सगळीकडे वेगळी अर्धा इंच. माझी पेन्सिल नुसती पळत होती.

मग गाडी अडली.

"आणि बाई अंगाने भरलेली असली तर थोडं सैल," जाऊबाई म्हणाल्या.

"थोडं म्हणजे किती?"

"थोडं म्हणजे थोडं."

"वहिनी, 'थोडं' ही बैजिक राशी नाही."

"मग काय आहे?"

"काहीच नाही."

"म्हणजे बावीस वर्षं मी काहीच नाही कापत होते?"

त्यांनी हे इतक्या गरीबपणे विचारलं की मी वाद सोडून दिला. हे माझ्या बाबतीत क्वचित होतं. शेवटी मी वर्तमानपत्रं आणली, खडू दिला, आणि म्हटलं, कापा. चाळीस छातीचा कापा, बेचाळीसचा कापा, चव्वेचाळीसचा कापा. त्यांनी बघता बघता कापले. मी पट्टी घेऊन मोजले. निघालं काय? चाळीसच्या वर प्रत्येक दोन इंचाला त्या बरोबर पाव इंच जादा सोडत होत्या. दर वेळी पाव! ना कमी ना जास्त. मी लिहिलं: क्ष वजा चाळीस, भागिले आठ. आणि तो कागद त्यांच्यापुढे धरला. "हे बघा तुमचं 'थोडं'."

जाऊबाईंनी कागद हातात घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला.

तिसऱ्या रविवारी सगळं संपलं तेव्हा दीड पान भरलं होतं. मी ते सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवलं, खाली दुहेरी रेघ मारली. जाऊबाईंनी त्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एवढंच होतं माझ्या डोक्यात?"

"एवढंच म्हणजे? कमी आहे का हे?"

"दीड पान," त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत उठल्या.

मला तेव्हा काही वाटलं नाही. मी माझ्या दुहेरी रेघेवर खूश होते.

मशीनबरोबर कंपनीने एक तरुण पाठवला होता. सगळे कापडाच्या धुळीत काम करतात तिथे हा गळ्यात टाय बांधून फिरायचा, म्हणून शिलाईच्या बायकांनी त्याचं नाव टायवाला ठेवलं होतं. तो प्रत्येक वाक्यात एकदा 'अचूक' म्हणायचा. एका मोठ्या इस्पितळाच्या परिचारिकांचे चारशे कोट शिवायचे होते. त्यातले बारा आधी नमुन्यादाखल करायचे ठरले. बारा जणींची मापं टायवाल्याने स्वतः घेतली, कारण ती अचूक हवी होती. माझी दीड पानं मशीनमध्ये गेली. कोट कापले, शिवले, काज-बटणं झाली, आणि शनिवारी मालकांनी मलाही बोलावलं. गणिततज्ज्ञ म्हणून! शाळेत मला खडूची नवी पेटी मागायला तीन अर्ज करावे लागतात. मी इस्त्रीची साडी नेसून गेले.

मुख्य परिचारिका कोट घालून आल्या. उभ्या होत्या तोवर कोट सुरेख दिसत होता. मालकांचा चेहरा खुलला.

"जरा हात वर करा बघू," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

त्यांनी हात वर केला. अर्ध्यावर गेला आणि थांबला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि वाकून बुटाची नाडी बांधायला गेल्या. पाठीवर 'टर्र' आवाज झाला तो शिलाईच्या साठ बायकांना मशिनींच्या खडखडाटात ऐकू गेला.

"मी यात पेशंटला उचलायचं कसं?" मुख्य परिचारिका म्हणाल्या. "श्वास घेतला तरी बटण उडेल." बाकीच्या अकरा जणींची हीच कथा. एकीला तर बटणच लावता आलं नव्हतं, ती पोट आत घेऊन कोपऱ्यात उभी होती.

"सूत्रात गडबड दिसते," टायवाला म्हणाला. "मापं अचूक आहेत."

"सूत्रात काडीचीही गडबड नाही," मी म्हणाले.

मालक आम्हा दोघांना सोडून जाऊबाईंकडे वळले. हेही खरंच, दोन शहाणे भांडायला लागले की मार तिसऱ्याला. "मास्तर, काही हातचं राखून तर नाही ना ठेवलंत? तसं असेल तर सरळ सांगा. पुढच्या शनिवारपर्यंत बघतो. नाहीतर टेबल काढायला माणसं सांगतो."

"जे तोंडाने सांगता येतं ते सगळं सांगितलं," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

घरी येताना माझा नुसता संताप संताप झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी ती दीड पानं सात वेळा तपासली. छत्तीसची छाती घालून पाहिली, चव्वेचाळीसची घालून पाहिली. उत्तरं बरोबर. दुपारी जाऊबाई आल्या तशी मी त्यांच्यावरच खेकसले, "आता पहिल्यापासून. मी गिऱ्हाईक, तुम्ही मास्तर. माझं माप घ्या, आणि जे कराल ते बोलत करा."

त्यांनी गळ्यातला टेप काढला. माझ्या पाठीमागून पुढे आणला. "छाती," त्या म्हणाल्या, आणि टेपचं टोक जुळवता जुळवता त्यांची दोन बोटं टेपच्या आत, माझ्या बरगड्यांवर आली. गार लागली.

"हे काय?"

"काय?"

"ही बोटं."

"बोटं लागतातच की."

"किती?"

"दोन. माणसाने श्वास घ्यायला नको?"

एकतीस वर्षं मी पोरांचा अर्धा गुण कापते, कशासाठी? तर 'समजा क्ष म्हणजे काय ते लिहिलेलं नाही' म्हणून. पहिली ओळ! रडली पोरं तरी मी कधी तो अर्धा गुण परत दिला नाही. आणि मी स्वतः काय लिहिलं होतं? क्ष म्हणजे छाती. कुणी मोजलेली, कशी मोजलेली, टेपच्या आत काय होतं, काही नाही. टायवाल्याने टेप करकचून ओढून मोजली, जाऊबाई दोन बोटं घालून मोजत होत्या. दोघांच्या छात्या वेगळ्या आणि माझा क्ष एकच. काखेत कळसा म्हणतात तो हा. मला स्वतःच्याच एक थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली.

"मग हे मला सांगितलं का नाही?"

"तू विचारलंस का?" जाऊबाईंनी टेप गुंडाळला. मग खाली बघत म्हणाल्या, "पहिल्या रविवारी खरंच सुचलं नाही. हाताला सवय असते, ती बोलताना कशी आठवणार? नंतर तो कागद पाहिला तेव्हा आठवलं. आणि मग नाही सांगितलं."

"का?"

"सगळं कागदावर गेलं तर मग मी कशाला?"

मी ती दीड पानं घडी घालून बाजूला ठेवली.

"ऐक ना," त्या माझा हात धरून म्हणाल्या. त्या कधी कुणाचा हात धरत नाहीत. "मी मालकांना म्हणते, मापं मी घेते. मी घेतली की कोट बरोबर बसतील. मशीन त्यांचं, सूत्र तुझं, मापं माझी. ही दोन बोटं तेवढी माझ्याकडे राहू देत. तू काही बोलू नकोस."

"नाही बोलणार."

"तुझा स्वभाव मला माहीत आहे म्हणून म्हणते."

"अहो, नाही म्हटलं ना! तोंडाला कुलूप."

शनिवारी सगळं अगदी जाऊबाई म्हणाल्या तसं झालं. आठवड्याच्या मध्यात त्या इस्पितळात जाऊन बारा जणींची मापं घेऊन आल्या होत्या. सूत्र तेच, मशीन तेच. नवे कोट आले. मुख्य परिचारिकांनी हात वर केले, बसल्या, वाकल्या, जमिनीवरची कात्री उचलून दाखवली. शिलाईच्या बायकांनी मशिनी थांबवून पाहिलं. मालकांनी टाळीच वाजवली.

"मास्तर, मानलं! आता मापं घ्यायला तुम्हीच जायचं. चारशेच्या चारशे. आणि मशीनवरही तुम्हीच."

जाऊबाई हसल्या. बावीस वर्षांत मी त्यांना एवढं हसताना पाहिलं नव्हतं, सगळे दात दिसत होते.

इथे मी पर्स उचलून घरी यायला हवं होतं. पण जित्याची खोड.

"सर, एक मिनिट," टायवाला म्हणाला. "हे अचूक म्हणता येणार नाही. सूत्र तेच असताना एकदा चुकतं आणि एकदा बरोबर येतं, म्हणजे योगायोग आहे. चारशे कोटांत पुन्हा फसेल. मी आमच्या कंपनीचं सूत्र घालतो. बाईंचं गणित..." तो माझ्याकडे बघून गोड हसला. "शाळेतल्या मुलांना ठीक आहे."

मी मूग गिळून बसले. जाऊबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी अगदी बारीकशी मान हलवली, नको म्हणून.

"कोट बसले ना पण?" मालक म्हणाले.

"या वेळी बसले, सर." त्याने माझी दीड पानं टेबलावर पसरली. खिशातून लाल पेन काढलं. लाल! आणि माझ्या पहिल्या सूत्राभोवती, छातीचा चौथा भाग अधिक अर्धा, त्याने गोल काढला. "इथे स्थिर पद चुकलं आहे. अर्धा नाही चालणार, जास्त हवं. अशी चूक आमच्याकडे कालची आलेली पोरंसुद्धा करत नाहीत."

एकतीस वर्षांत माझ्या कागदावर कुणी लाल गोल काढला नव्हता. लाल पेन माझ्या हातात असतं, ती बाजू माझी. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय!

"चूक सूत्रात नाही, तुमच्या मापात आहे!" मी म्हणाले. म्हणाले कसली, ओरडले. "टेप काय गळफासासारखा ओढायचा असतो? मास्तर दोन बोटं आत घालून माप घेतात! दोन बोटं! त्यांचा क्ष वेगळा आणि तुमचा वेगळा. सूत्र पहिल्या दिवसापासून बरोबर आहे!"

शिलाईच्या बायकांनी माना वळवल्या. मी केवढ्या मोठ्याने बोलले होते ते मला तेव्हा कळलं. जाऊबाई माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या आपल्या टेबलाकडे बघत होत्या.

"दोन बोटं?" मालक म्हणाले.

टायवाल्याला लाज वगैरे वाटेल अशी माझी समजूत होती. छे. त्याचे डोळे चमकले. त्याने कोपऱ्यातला कापडी पुतळा ओढून आणला, टेप जाऊबाईंच्या हातात दिला, आणि अदबीने म्हणाला, "मॅडम, एकदा बोटं न घालता, एकदा घालून. प्लीज."

जाऊबाईंनी मोजलं. न घालता छत्तीस. मग दोन बोटं घालून मोजलं. सव्वासदतीस. त्याने पुन्हा मोजायला लावलं. सव्वासदतीस. तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तेव्हाही सव्वासदतीसच.

"सव्वा," तो म्हणाला, आणि मशीनपाशी जाऊन चार-पाच कळा दाबल्या. "क्ष अधिक सव्वा. अचूक."

"कमाल आहे बाई तुमची!" मालक मला म्हणाले. "आमच्या डोक्यात कधी आलं नसतं." मग ते जाऊबाईंकडे वळले. त्यांच्या आवाजात खोट अशी काही नव्हती, त्यांना खरोखरच माहिती हवी होती. "मास्तर, म्हणजे आता माप कुणीही घेतलं तरी चालेल ना?"

त्या नाही म्हणू शकल्या असत्या. हजार कारणं सांगता आली असती: कापड आटतं, माणसं जाड होतात, दिवसा छाती वेगळी संध्याकाळी वेगळी. मी मनातल्या मनात त्यांना ओरडून सांगत होते, म्हणा काहीतरी, खोटं बोला. पण ज्या बाईचं 'थोडं' दर वेळी बरोबर पाव इंच निघतं, ती खोटं कुठून बोलणार?

"चालेल," जाऊबाई म्हणाल्या.

मग मालकांनी सगळं फार सौजन्याने केलं. टेबल सोमवारी हलवायचं, मशीनवर आता कंपनीचाच माणूस बसेल, मास्तरांनी आपल्या कात्र्या घरी नेल्या तरी चालतील, बटणांच्या खोलीत आता पंखाही बसवला आहे. टायवाल्याने माझी दीड पानं परत दिली. मशीनमध्ये आता सगळं होतं, कागदाचा उपयोग नव्हता.

आम्ही दोघी जावा बसस्टॉपपर्यंत चालत आलो. जाऊबाईंच्या हातात पिशवी होती, त्यात तीन कात्र्या. मी घेते म्हटलं, त्यांनी दिली नाही. एरवी रस्ताभर माझं तोंड बंद नसतं. त्या दिवशी मी नुसते विजेचे खांब मोजत होते.

"वहिनी, माझं चुकलं," मी शेवटी म्हणाले. "मी शब्द दिला होता. त्या मेल्याने लाल पेन काढलं आणि माझं डोकंच फिरलं. मला माफ करा. मी उद्या जाते मालकांकडे, त्यांना सांगते..."

"काय सांगशील?"

काय सांगणार होते? सूत्र चुकलं आहे म्हणून? ते चुकलेलं नव्हतं.

समोरून बस येताना दिसली. जाऊबाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"तुझं उत्तर बरोबर आलं ना पण?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. पण घरात टोमण्यांचं खातं माझ्याकडे आहे, त्यांना ते कधी जमलंच नाही. त्या खरंच विचारत होत्या. तीन रविवार माझ्याबरोबर बसल्या होत्या, उत्तर काय आलं ते त्यांना हवं होतं.

"आलं," मी म्हणाले.

"मग झालं," जाऊबाई म्हणाल्या, आणि बसमध्ये चढल्या.